स्नानचित्रांतील प्रकाश आणि भाव : किहीमच्या किनाऱ्यावरून एक विचार

समुद्रकिनाऱ्यावर स्नान करणाऱ्या माणसांची चित्रे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून युरोपीय चित्रकलेत विपुल आढळतात. ही चित्रे पदव्युत्तर वर्गात अभ्यासासाठी घेतली की त्यांवरील निबंधांत काही विशेषणे हटकून येतात. प्रकाश 'प्रसन्न' असतो, समुद्र 'गूढ' असतो, सावल्या 'उदास' असतात. ही विशेषणे चुकीचीच असतात असे नाही. परंतु ती कोठून आली याचा हिशेब सहसा दिला जात नाही. चित्रातील भाव हा चित्रात आहे, की पाहणाऱ्याच्या सवयीत आहे, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहतो. असा हिशेब कसा मांडता येईल, हे दाखविणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

त्यासाठी मुख्य उदाहरण म्हणून होआकीन सोरोया (१८६३–१९२३) या स्पॅनिश चित्रकाराचे 'दुःखद वारसा' हे १८९९ चे चित्र घेतले आहे. आणि ते ज्या जागेवरून पाहावयाचे ती जागा म्हणून रायगड जिल्ह्यातील, अलिबागच्या उत्तरेस असलेल्या किहीमचा किनारा निवडला आहे. ही निवड लहरीची नाही. कोणताही प्रेक्षक रिकाम्या डोळ्यांनी चित्रासमोर उभा राहत नाही; आयुष्यात पाहिलेला एखादा किनारा तो बरोबर घेऊन येतो. मराठी विद्यार्थ्याच्या मनातील समुद्र हा बहुधा कोकणचा, म्हणजे पश्चिमेचा समुद्र असतो. सोरोयाचा समुद्र पूर्वेचा आहे. या एका फरकातून अर्थाचे किती फरक संभवतात, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

१. किहीमचा प्रकाश

प्रथम आपला किनारा नीट ओळखून घेऊ. किहीमचा किनारा उत्तर-दक्षिण पसरलेला असून त्याचे तोंड पश्चिमेला आहे. पाठीशी नारळी-सुरूची झाडे आणि त्यांच्याही मागे, पूर्वेस, कनकेश्वराचा डोंगर आहे. याचा परिणाम असा की सूर्योदयाचे पहिले, जमिनीलगतचे, तांबूस ऊन किनाऱ्यावर सहसा पोहोचतच नाही. झाडांच्या शेंड्यांवरून ते वाळूवर उतरते, तोपर्यंत सूर्य बराच वर आलेला असतो आणि उन्हाचा रंग फिकट झालेला असतो. सकाळी समुद्राकडे तोंड करून उभे राहिल्यास सूर्य आपल्या पाठीशी असतो. पाण्यातील माणसे तेव्हा समोरून उजळलेली दिसतात; त्यांच्या मागचा समुद्र डोळ्यांना त्रास देत नाही, कारण त्यावर सूर्याची तिरीप आपल्या दिशेने परतत नाही.

दुपारनंतर सारे उलटते. सूर्य समुद्रावर जातो. पाण्याचा पृष्ठभाग आरशाप्रमाणे वागू लागतो. सरळ खाली पाहिले असता पाणी त्यावर पडलेल्या प्रकाशाचा जेमतेम दोन टक्के भाग परावर्तित करते. दृष्टी जसजशी पृष्ठभागाला समांतर होत जाते, तसतसे हे प्रमाण वाढत जाऊन अखेर पाणी जवळजवळ पूर्ण परावर्तक बनते. म्हणून किहीमला संध्याकाळी समुद्राचा स्वतःचा रंग असा दिसतच नाही. दिसते ती रुपेरी, मग सोनेरी आणि शेवटी तांबडी झळाळी. त्या झळाळीसमोर उभी असलेली माणसे काळसर आकृत्यांसारखी दिसतात. चेहरे हरवतात, बाह्यरेषा तेवढ्या उरतात. सूर्य क्षितिजाशी असताना त्याचा प्रकाश डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत सुमारे ३८ पट जाडीच्या हवेतून येतो. त्यातील निळा अंश वाटेतच विखुरला जातो आणि उरलेला तांबूस अंश आपल्यापर्यंत पोहोचतो. कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाच्या मनात 'समुद्रावरची संध्याकाळ' आणि 'हरवलेले चेहरे' यांची जी सांगड बसलेली असते, तिचे मूळ या भूगोलात आहे.

याला आणखी एका गोष्टीची जोड आहे : भरती-ओहोटीची. मुंबई-अलिबाग भागात उधाणाच्या मोठ्या दिवसांत पाण्याच्या चढउतारातील अंतर चार मीटरांहून अधिक असते. भरतीची वेळ काढण्याचा कोळ्यांचा आणि दर्यावर्दी लोकांचा जुना आडाखा आहे. तिथीचा आकडा घेऊन त्याची पाऊणपट करावी. येईल तो तास भरतीचा. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारी व रात्री अकरा-बाराच्या सुमारास भरती, आणि पर्यायाने संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास ओहोटी. याचा अर्थ असा की पौर्णिमा-अमावास्येच्या संध्याकाळी, नेमक्या सूर्यास्ताच्या वेळी, किहीमची वाळू दूरवर उघडी पडते आणि ओली असल्यामुळे ती आकाशाचा विस्तीर्ण आरसा बनते. उलट अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, त्याच वेळी पाणी वरच्या कोरड्या वाळूपर्यंत आलेले असते आणि तो आरसा नसतो. एकाच किनाऱ्यावरील, एकाच घटकेचा भाव तिथीगणिक बदलतो. ओली वाळू कोरडीपेक्षा गडद दिसते, तीही याच विवेचनाची एक बाजू आहे. कणांमधल्या पोकळीत पाणी भरले की प्रकाश वाळूत अधिक खोल शिरतो व अधिक प्रमाणात शोषला जातो. मात्र तिच्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा असेल, तर तिरप्या दृष्टीला ती गडद असूनही चकाकते. गडदपणा आणि चकाकी एकत्र येणे, हे ओल्या किनाऱ्याचे वैशिष्ट्य आहे.

२. उलटा किनारा

आता स्पेनमधील व्हॅलेन्सियाकडे वळू. सोरोया त्या शहरात जन्मला, आणि त्याची किनाऱ्यावरची बहुतेक प्रसिद्ध चित्रे तेथीलच आहेत. हा किनारा पूर्वाभिमुख आहे. तेथे सूर्य समुद्रातून उगवतो आणि जमिनीवर मावळतो. भूमध्य समुद्राची भरती-ओहोटी जेमतेम वीतभर असते. त्यामुळे तेथील ओल्या वाळूचा पट्टा लाटांच्या येण्याजाण्याने निर्माण होतो. तो अरुंद आणि क्षणोक्षणी नवा असतो. सोरोयाच्या 'किनाऱ्यावरील मुले' (१९१०, प्रादो संग्रहालय, माद्रिद) या चित्रात तीन मुले याच पट्ट्यावर पालथी पडलेली आहेत. चित्रात क्षितिज नाही, आकाश नाही. तरीही आकाशाचे अस्तित्व जाणवते, कारण ते ओल्या वाळूत उतरलेले आहे.

व्हॅलेन्सियाच्या किनाऱ्यावर दुपारनंतर समुद्राकडे तोंड करून उभे राहणाऱ्या चित्रकाराच्या पाठीशी सूर्य असतो. पाण्यातील माणसांच्या उघड्या अंगांवर तिरपे, उबदार ऊन पडते. त्यांच्या मागचा समुद्र झगमगत नाही, तर पूर्वेकडील गडद आकाशाचा रंग घेऊन खोल निळा-जांभळा होतो. किहीमच्या माणसाला अशी रचना केवळ सकाळी भेटते. समोरून उजळलेली अंगे आणि मागे शांत समुद्र म्हणजे त्याच्या दृष्टीने दिवसाचा आरंभ. व्हॅलेन्सियाच्या माणसाला मात्र हीच रचना दिवसाचा शेवट सांगते. आपल्या निबंधांत सोरोयाच्या चित्रांना वारंवार 'प्रभातीची प्रसन्नता' लावली जाते, तिचा उगम बहुधा येथे असावा. चित्रात प्रसन्नता नाही असे नव्हे. पण ती उगवत्या दिवसाची नाही. मावळतीला आलेल्या दिवसाचे ऊन अजून अंगावर आहे, ही त्या प्रसन्नतेची जात आहे. त्या दोहोंमध्ये भेद आहे, आणि तो सूक्ष्म असला तरी क्षुल्लक नाही.

३. 'दुःखद वारसा'

'दुःखद वारसा' हे चित्र सुमारे दोन मीटर उंच व जवळजवळ तीन मीटर रुंद आहे. १९०० च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात सोरोयाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले, ते या चित्राने गाजलेल्या त्याच्या कलाकृतींसाठी. चित्राचा विषय असा : हॉस्पिटलर ब्रदर्स ऑफ सेंट जॉन ऑफ गॉड या संघाच्या आश्रयाला असलेल्या अपंग व आजारी मुलांना एक संन्यस्त बंधू समुद्रस्नानासाठी घेऊन आला आहे. मुले उघडी आहेत. काहींच्या हातांत कुबड्या आहेत. काळा झगा घातलेला तो बंधू एका मुलाला आधार देत आहे. क्षितिज चित्राच्या वरच्या कडेशी जाऊन टेकले आहे. आकाशाला जवळजवळ जागाच उरलेली नाही. समुद्र गडद आहे.

या चित्राचे नेहमीचे विवरण पुढीलप्रमाणे केले जाते : विषय करुण, म्हणून समुद्र गडद, गडद समुद्र हा मुलांच्या भवितव्याचे प्रतीक. हे विवरण आकर्षक आहे, परंतु त्यात एक पायरी गाळलेली आहे. मुलांच्या अंगांवर ऊन स्पष्ट आहे. समुद्रावर सूर्याची झळाळती वाट नाही. म्हणजे सूर्य समुद्राच्या बाजूला नाही, जमिनीच्या बाजूला आहे. किनारा पूर्वाभिमुख आहे. यावरून वेळ दुपारनंतरची ठरते. आणि त्या वेळी त्या किनाऱ्यावरून समुद्र असाच गडद दिसतो, मग पाण्यात कोणी धडधाकट असो वा अपंग. सोरोयाने हाच समुद्र सुखी मुलांच्या पाठीशीही रंगविला आहे. तेव्हा केवळ गडदपणावरून कारुण्याचा निष्कर्ष काढणे युक्त नाही. ज्या गोष्टीचे कारण निसर्गात पुरेसे आहे, तिला प्रतीक ठरविण्यापूर्वी चित्रकाराने त्या नैसर्गिक कारणात स्वतःची काही भर घातली आहे काय, हे पाहावयास हवे.

भर घातलेली आहे. परंतु ती वेगळ्या ठिकाणी आहे. पहिली भर क्षितिजाच्या उंचीत आहे. आकाश काढून घेतल्यामुळे मुलांना मागे मोकळीक राहिलेली नाही. समुद्र त्यांच्या पाठीशी भिंतीसारखा उभा राहतो. दुसरी भर काळ्या झग्यात आहे. चित्रात सर्वत्र ऊन काहीतरी परत करते : ओल्या त्वचेवरून चमकते, वाळूवरून उसळून सावलीत शिरते, लाटेच्या कडेवर फुटते. झग्यावर पडलेले ऊन मात्र परतत नाही. सर्व प्रकाश गिळणारा हा एकच मोठा आकार आहे, आणि नेमका तोच दयेचा आकार आहे. या ठिकाणी भाव प्रकाशाच्या रंगात नाही. प्रकाश कोठे परततो आणि कोठे थांबतो, या व्यवस्थेत आहे.

४. रसविचाराच्या दृष्टीने

आपल्या परंपरेतील परिभाषा येथे उपयोगी पडते, पण जपून वापरली तर. मुले ही येथे आलंबनविभाव; ऊन, समुद्र, वारा हे उद्दीपनविभाव. संस्कृत काव्यशास्त्रात उद्दीपन हे सामान्यतः रसाला अनुकूल असते; शृंगाराला चांदणे पोषक, तसे. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला वर्णही सांगितला आहे : शृंगार श्याम, हास्य शुभ्र, करुण कपोत. कपोत म्हणजे पारव्याचा करडा रंग. या नियमाने पाहिल्यास 'दुःखद वारसा' या चित्रात करडेपणा अपेक्षित आहे. प्रत्यक्षात तो नाही. आलंबन करुणाचे आहे, आणि उद्दीपन मात्र जवळजवळ उत्सवाचे आहे. अशा प्रसंगी परिभाषा चुकली, असे म्हणण्याचे कारण नाही. तिने आपल्याला एक विसंगती दाखवून दिली, हाच तिचा उपयोग.

या विसंगतीचा उलगडा स्नान या क्रियेच्या अर्थात आहे. कोकणात समुद्रस्नान म्हटले की पर्वस्नान, ग्रहणाचे स्नान किंवा अस्थिविसर्जनानंतरचे स्नान डोळ्यांपुढे येते. शुद्धी हा त्याचा गाभा असतो. सुटीतील मौजेचे समुद्रस्नान ही आपल्याकडे अलीकडची गोष्ट. युरोपात समुद्रस्नानाला वेगळा इतिहास आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील डॉ. रिचर्ड रसेल यांनी समुद्रजल हे औषध म्हणून पुरस्कारले, आणि त्यानंतर किनाऱ्यावरील स्नान हे प्रथम उपचार व मागाहून विहार बनले. सोरोयाच्या चित्रातील मुले उपचारासाठी पाण्यात आली आहेत. म्हणजे ते ऊन आणि ते पाणी ही दुःखाची पार्श्वभूमी नसून दुःखावरचा इलाज आहे. हे ध्यानात घेतले की प्रकाशाचा उजळपणा विसंगत राहत नाही. तो करुणाला विरोध करीत नाही. करुणाच्या आत असलेली शुश्रूषा तो दाखवितो.

शीर्षकाचाही येथे विचार केला पाहिजे. 'वारसा' हा शब्द मुलांचे व्यंग वाडवडिलांच्या दुराचाराचे फळ आहे, असे सुचवितो. त्या काळी ही समजूत प्रचलित होती. आज चित्रातील पांगळ्या पायांत अनेक जण पोलिओची खूण पाहतात. आणि पोलिओ हा विषाणूचा संसर्ग आहे, हे १९०८ मध्ये लँडश्टाइनर व पॉपर यांच्या प्रयोगांतून दिसून आले. म्हणजे शीर्षक जो निवाडा देते, तो पुढील ज्ञानाच्या कसोटीवर टिकत नाही. परंतु चित्रातील प्रकाश असा निवाडा देतच नाही. तो धडधाकट मुलाच्या खांद्यावर जसा पडता, तसाच कुबडीवर टेकलेल्या मुलाच्या खांद्यावर पडतो. शीर्षक कालबाह्य झाले तरी चित्र कालबाह्य का झाले नाही, या प्रश्नाचे उत्तर निदान अंशतः येथे सापडते.

५. एक आक्षेप

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. बा. सी. मर्ढेकर यांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात कलाकृतीचे सौंदर्य संवेदनांच्या लयबद्ध संघटनेत, म्हणजे संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांत शोधले. त्या भूमिकेवरून कोणी म्हणेल की किनारा पूर्वेचा की पश्चिमेचा, ओहोटी होती की भरती, ही माहिती चित्राबाहेरची आहे. उष्ण व शीत रंगांचा विरोध, गडद व उजळ क्षेत्रांचा समतोल, एवढेच पाहावे.

या आक्षेपात तथ्य आहे, आणि वर झग्याविषयी जे म्हटले ते त्याच पद्धतीने म्हटले आहे. तथापि दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. प्रकाशाची दिशा, उंची, रंग आणि पसरण हे चित्रफलकावरच दिसते. त्यासाठी नकाशाची गरज नाही. पण प्रहर फलकावर दिसत नाही. तो अनुमानाने कळतो, आणि अनुमानाला दिशांचे ज्ञान लागते. जो वाचक प्रहराविषयी मौन पाळील, त्याला नकाशावाचूनही चालेल. परंतु 'सकाळ', 'संध्याकाळ', 'दिवसाचा शेवट' असे शब्द एकदा लेखणीतून उतरले की चित्राबाहेरचे ज्ञान आपण वापरलेच. मग ते आपल्या गावच्या किनाऱ्याचे वापरावे की चित्रातील किनाऱ्याचे, एवढाच प्रश्न उरतो. दुसरा पर्याय अधिक प्रामाणिक आहे, हे सांगावयास नको.

६. दोन तुलना

भाव प्रकाशाच्या मात्रेवर अवलंबून नसतो, हे जॉर्ज सरा याच्या 'आस्निएर येथील स्नान' (१८८४, नॅशनल गॅलरी, लंडन) या चित्रावरून दिसते. हे स्नान नदीवरचे, सीनच्या काठचे आहे. ऊन भरपूर आहे. पण ते विरळ धुरकट हवेतून गाळून आलेले, सर्वत्र सारखे पसरलेले आहे. माणसे बहुतांशी एका बाजूने दिसतात आणि एकमेकांकडे पाहत नाहीत. दूरवर कारखान्यांची धुराडी आहेत. सोरोयाचे ऊन प्रत्येक अंगावर वेगळे घडते. सराचे ऊन सर्वांना एकाच शांततेत बसविते. दोन्ही ठिकाणी प्रकाश पुष्कळ आहे, भाव मात्र परस्परांहून दूर आहेत.

दुसरी तुलना आपल्या जवळची आहे. सावळाराम हळदणकर यांनी विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात रंगविलेले, म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील 'आशेचा किरण' या नावाने ओळखले जाणारे जलरंगातील चित्र सर्वपरिचित आहे. त्यात दिवा हातात धरलेली स्त्री आहे, आणि ज्योतीच्या आड धरलेल्या बोटांतून प्रकाश तांबूस होऊन झिरपतो. तेथे प्रकाशाचा उगम चित्रातच आहे; ती स्त्री त्याला जपते. स्नानचित्रांत उगम चित्राबाहेर असतो. माणसे त्याच्या स्वाधीन असतात. जपलेला प्रकाश आणि लाभलेला प्रकाश, हा भेद भावनिर्णयाच्या दृष्टीने प्रकाशाच्या रंगापेक्षाही मूलगामी आहे.

७. अभ्यासाची दिशा

वरील विवेचनावरून विद्यार्थ्यांसाठी एक क्रम सुचविता येतो. प्रथम प्रकाश कोठून येतो ते ठरवावे : सावल्यांची दिशा व लांबी, अंगावरील चकाकीची जागा, पाण्यावरील झळाळीचे असणे वा नसणे यांवरून. नंतर तो कशावर पडून परततो ते पाहावे : कोरडी वाळू, ओली वाळू, पाणी, त्वचा, वस्त्र. तिसऱ्या पायरीवर यातील किती भाग त्या स्थळी त्या वेळी आपोआप घडला असता आणि किती भाग चित्रकाराने निवडला, हे वेगळे करावे. आणि शेवटी, केवळ त्या निवडलेल्या भागाच्या आधारे भावाविषयी बोलावे. छापील प्रतिकृतीवरून काम करताना अधिक सावध असावे. तीन मीटरांचे चित्र वीतभर झाले की गडद भाग एकजीव काळे होतात, आणि 'उदास सावल्या' पुष्कळदा छापखान्यात तयार झालेल्या असतात.

या क्रमाचा सराव करण्यास किहीमसारखी जागा नाही. डॉ. सलीम अली यांनी १९३० मध्ये सुगरण पक्ष्याच्या विणीचे निरीक्षण केले ते याच गावी. सुगरणीची घरटी गावात सर्वांनीच पाहिली होती. नर एकामागून एक घरटी विणतो आणि मादी ती पारखून पत्करते, हा त्यातील व्यवहार मात्र रोजच्या, तासन्‌तासांच्या पाहण्यातून उलगडला. प्रकाशाचे पाहणेही याच कोटीतील आहे. विद्यार्थ्याने एकदा अष्टमीला आणि एकदा पौर्णिमेला, सकाळी नऊला आणि सूर्यास्तापूर्वी एक घटका, किनाऱ्यावर एकाच जागी उभे राहून चार टिपणे करावीत. त्यांत विशेषण एकही नसावे. समुद्राचा रंग, माणसांच्या कडा, सावलीची लांबी, वाळूची चकाकी, एवढेच असावे. ही चार टिपणे हाताशी ठेवून मग व्हॅलेन्सियाचे चित्र उघडावे.

असे केल्याने भाव नाहीसा होईल, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. आपल्या किनाऱ्याचा भाव आपण जाणीवपूर्वक बाजूला ठेवू शकलो, तरच दुसऱ्याच्या किनाऱ्यावरचा भाव आपल्यापर्यंत येतो. 'दुःखद वारसा' या चित्राच्या बाबतीत तो आपल्याला सांगतो की दुःखावर पडलेले ऊन दुःखाचे रूप घेत नाही. आणि दुःख पाहण्यास तेच ऊन लागते.